राणीची बाग : हक्काची आणि करुणेची

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की निवासी विद्यालयातील मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. मूल कित्येक महिन्यांनी घरी येणार, आईवडिलांना कामावरून सुट्टी मिळणार एखाद्या दिवसाची. त्या एका दिवशी त्याला न्यायचे कुठे? मुंबई-ठाण्याकडील पालकांना माझे उत्तर ठरलेले असते : भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्या. या उत्तरावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. प्राणिसंग्रहालय ही लहान मुलांची करमणूक. दहावीतल्या मुलाने तिथे काय पाहायचे, असे काही पालकांना वाटते. आपले काही सुशिक्षित माजी विद्यार्थी याच्या उलट बाजूने विचारतात, की जिवंत प्राणी पिंजऱ्यात डांबलेले पाहणे बौद्ध कुटुंबाला शोभते काय? दोन्ही आक्षेप विचारात घेऊनही माझे मत कायम आहे. त्याची कारणे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचे तिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. त्यावरून लोकांनी तिला राणीची बाग म्हटले. आज तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे, परंतु बसच्या वाहकापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांच्या तोंडी जुनेच नाव बसलेले आहे. प्रथम ती वनस्पतींची बाग होती, प्राणी नंतर आले. शेजारीच १८७२ साली वस्तुसंग्रहालय उघडले, तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बाग उभारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते ते असो. तिच्या आसपास मात्र पुढील काळात गिरणगाव वसले. गिरणीत, गोदीत आणि नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबणारी माणसे एका खोलीच्या चाळीत राहू लागली. बीडीडी चाळीतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आजी-आजोबा, आईवडील, भावंडे आणि गावाहून काम शोधायला आलेला एखादा पाहुणा. अशा घरातील मुलांना पळायला जागा नसते आणि नवराबायकोला बोलायला कोपरा नसतो. ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक बाग हेच अंगण असते. रविवारी डबा बांधून सहकुटुंब बागेत जाणे ही अशा कुटुंबांची चैन नव्हती, ती त्यांची गरज होती.

या गरजेचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस आले आणि परळ भागातील चाळीत, एका खोलीत संसार मांडून राहिले. त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे लक्ष या वाचणाऱ्या मुलाकडे गेले. पुढे सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचाच हात होता. बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या हाती तथागताचे चरित्र कसे पोहोचले याचा माग काढत गेले, तर वाटेत एक सार्वजनिक बाग लागते. तिच्या फाटकावर कोणी जात विचारली असती, अथवा परवडणार नाही एवढे पैसे मागितले असते, तर ती भेट तिथे झाली नसती.

सार्वजनिक जागेत निर्धास्तपणे जाणे ही आज आपल्या मुलांना इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते, की तिच्यामागे लढा आहे हे सांगावे लागते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असे ठरले. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसरा खंड वाचताना मला नेहमी महाड आठवते. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत, त्याचबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आणि राज्याच्या पैशातून राखलेल्या सार्वजनिक राबत्याच्या जागाही आहेत. पाण्याइतकाच करमणुकीचाही उल्लेख संविधानाने करावा, याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. माणसाला जगण्यासाठी पाणी लागते, तसा आपल्या मुलांबरोबर निवांत घालवलेला दिवसही लागतो. रजेच्या दिवशी मुलाचा हात धरून बागेत शिरणारा कष्टकरी बाप आपला एक मूलभूत हक्क बजावत असतो.

मात्र जातीचे फाटक उघडले तरी पैशाचे फाटक बंद होऊ शकते. २०१७ साली या बागेच्या प्रवेशशुल्कात मोठी वाढ झाली. प्रौढांना पाच रुपयांऐवजी पन्नास आणि लहान मुलांना दोन रुपयांऐवजी पंचवीस रुपये असा दर ठरला. आईवडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबासाठी मात्र शंभर रुपयांचे एकत्रित तिकीट ठेवण्यात आले. प्राण्यांची निगा, पेंग्विनांचे शीतगृह, सुरक्षा यांना खर्च येतो, हे मान्य. माझा मुद्दा कुटुंबाच्या व्याख्येचा आहे. त्या दरांचा हिशेब करून पाहा. आईवडील आणि दोन मुले यांना शंभर रुपये. नवरा गमावलेली किंवा नवऱ्याने सोडलेली एखादी बाई दोन मुलांना घेऊन आली, तर तिचे पन्नास आणि मुलांचे पन्नास, म्हणजे तिलाही शंभरच. जिच्या घरात कमावणारे हात दोनाऐवजी एकच आहेत, तिच्या वाट्याला सवलत काहीच नाही. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहणाऱ्या कितीतरी मुलांची घरे चौघांच्या चौकटीत बसत नाहीत. कोणी आजीजवळ वाढतो, कोणी मामाच्या घरी, कोणाला एकटी आई आहे. नगराच्या पैशातून चालणाऱ्या बागेने कुटुंब म्हणजे एका घरात राहणारी, एकमेकांना सांभाळणारी माणसे, इतकी सरळ व्याख्या स्वीकारावी. आपल्या समाजातील नगरसेवकांनी आणि संघटनांनी ही मागणी धरून लावण्यासारखी आहे.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. पिंजऱ्यातील प्राणी पाहणे करुणेशी विसंगत नाही काय? या प्रश्नाला हसून टाळता येत नाही, कारण प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासात एक काळे पान आहे आणि ते आपल्यासारख्यांनी विसरू नये असे आहे. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या कांगोतील एका तरुणाला माकडांच्या घरात ठेवण्यात आले. लोकांची झुंबड उडाली. माणसे हसत होती, ओरडत होती, त्याला डिवचत होती. याविरुद्ध आवाज उठवला तो शहरातील कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी. त्यांत पुढे होते रेव्हरंड जेम्स गॉर्डन, ब्रुकलिनमधील कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या संस्थेचे प्रमुख. त्यांच्या विरोधामुळे ओटा बेंगाची तिथून सुटका झाली आणि गॉर्डन यांनी त्याला आपल्याच संस्थेत आसरा दिला. तरी ती जखम भरली नाही. १९१६ साली त्याने आपले जीवन संपवले. ते प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली. या घटनेनंतर अवघ्या सात वर्षांनी, १९१३ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्याच न्यूयॉर्क शहरात उतरले होते.

ही हकिगत मी वर्गात सांगतो ती एवढ्यासाठी, की पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यामधील गज कधी कोणाच्या बाजूने फिरतील हे इतिहासात सांगता येत नाही. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसांकडेही शतकानुशतके असेच पाहिले गेले, लांबून, हसत आणि तुच्छतेने. आपल्याला आज पाहणाऱ्यांत उभे राहण्याचा हक्क मिळाला आहे. मग आपण कसे पाहावे, हे आपणच ठरवले पाहिजे. झोपलेल्या वाघाने उठावे म्हणून खडा मारणारा, माकडाला वेडावून दाखवणारा, हरणापुढे वेफर्सची पिशवी टाकणारा मुलगा आपल्या घरातला असेल, तर आपल्या घरातील शिक्षण कुठेतरी तोकडे पडले असे समजावे. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवण्यास, इजा करण्यास आणि खायला घालण्यास मनाई केली आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे. अनुच्छेद १५ ने ज्या फाटकातून आपण आत जातो, त्या फाटकाच्या आत अनुच्छेद ५१क आपली वाट पाहत असतो.

सहल कशी करावी याचा एक फार जुना पाठ मुंबईच्या उंबरठ्यावर, नालासोपाऱ्यात सापडलेला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा विषयच सहल हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार आणि तशाच करमणुकी करत. अशोकाने अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थळाला भेट दिली, आणि तेव्हापासून विहारयात्रेची जागा धम्मयात्रेने घेतली. तिच्यात वृद्धांना भेटणे, लोकांशी बोलणे आणि प्रश्न विचारणे यांना स्थान होते. त्याच्याच पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, कासव, साळिंदर अशा अनेक प्राण्यांना अभय दिल्याची यादी आहे, आणि त्याच लेखाच्या अखेरीस अभिषेकापासूनच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिवान सोडल्याची नोंद आहे. प्राण्यांचे अभय आणि माणसांची मुक्तता एकाच शिळेवर कोरणाऱ्या राजाचे चिन्ह आपल्या राजमुद्रेवर आहे.

म्हणून बागेत जाऊच नये, असे मी म्हणत नाही. विहारयात्रेला जाऊ नये, धम्मयात्रेला जावे असे म्हणतो. तो दिवस कसा घालवावा याविषयी थोडे सुचवतो. एका दिवसात सारे पिंजरे संपवण्याची घाई करू नये. दोन-तीन प्राणी निवडावेत, त्यांच्यासमोर पाऊण तास शांत उभे राहावे आणि मुलाला टिपण करू द्यावे. हंबोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले; त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर. मुंबईच्या उकाड्यात त्यांना थंड खोलीत ठेवावे लागते, हे योग्य की अयोग्य, यावर घरी परतताना लोकलमध्ये चर्चा होऊ द्यावी. मुलाने विचारले की यांना कोंडले कशासाठी, तर त्याला गप्प करू नये. काही जाती टिकवण्याचे काम अशा ठिकाणी होते हे सांगावे, आणि सर्कशीतील वाघ-सिंहांचे खेळ लोकमताच्या व कायद्याच्या बळावर बंद झाले, हेही सांगावे. ज्याला आज प्रश्न पडतो, तोच उद्या नियम बदलतो. बागेतील जुनी झाडे चुकवू नयेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच इथे आहे. घारापुरीचा दगडी हत्ती शेजारच्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ साली इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो तुटला आणि पुढे त्याचे तुकडे सांधून तो इथे उभा केला गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे : पिंजरा धुणाऱ्या, चारा घालणाऱ्या कामगाराला नमस्कार करून, त्याला सवड असल्यास, या प्राण्याला काय आवडते, हा आजारी पडला की काय करता, असे मुलाने विचारावे. प्राण्याची खरी ओळख त्याला असते, आणि गर्दीतील फारच थोडे लोक त्याच्याशी बोलतात.

शेवटची विनंती माजी विद्यार्थ्यांना आहे. वसतिगृहात काही मुले सुट्टीतही मागे राहतात. त्यांचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर असतात. त्यांना ना रजा, ना मुंबईचा प्रवास परवडणारा. आपल्यापैकी जे मुंबई-ठाण्यात स्थिरावले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा, विद्यालयाच्या परवानगीने, अशा एक-दोन मुलांना आपल्या मुलांबरोबर या बागेत न्यावे. देणगीची पावती फाडणे सोपे असते. एक अख्खा दिवस देणे त्याहून अवघड आहे आणि त्या मुलाच्या लक्षात राहणारे आहे. बाग बुधवारी बंद असते, तेवढा वार टाळावा. घरचा डबा न्यावा, पाण्याची बाटली न्यावी आणि मुलाच्या खिशात एक वही व पेन्सिल द्यावी.