कोंबड्या वाढवण्याआधी तराजू घ्या



दुकानात महिन्यातून दोन-चार जण तरी एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, शंभर गावरान कोंबड्या आहेत, पण काही सुटत नाही. पाचशे केल्या तर परवडेल का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही परवडणार. शंभरात जे गळतंय, ते पाचशेत पाचपट गळेल. आधी गळती शोधा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी स्वतः कोंबडीखाद्य विकतो. तुमच्याकडे जेवढं वाया जाईल, तेवढी माझी पोती जास्त खपतात. तरी सांगतोय, कारण ज्याचा धंदा बसतो तो पुढच्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून राहत नाही. बऱ्याचदा त्याच्याकडची उधारीही बुडते.

आठ दिवस की दहा दिवस?

कोंबडीपालनात एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्याचा असतो. तरी पक्षी किती, अंडी किती, भाव काय, हे सगळ्यांना पाठ असतं. रोज खाद्य किती लागतं विचारलं की उत्तर येतं, "एक पोतं आठ-दहा दिवस जातं."

अहो, आठ की दहा? ५० किलोचं पोतं आठ दिवसांत संपलं तर रोजचे सव्वासहा किलो झाले, दहा दिवस पुरलं तर पाच किलो. फरक रोजचा सव्वा किलो. किलोला ४० रुपये धरा, महिन्याला १,५०० रुपये झाले. "काही सुटत नाही" म्हणता ना, ते इथे सांडलेलं असतं.

उद्याच एक करून बघा. फीडरखाली जुनी ताडपत्री अंथरा. संध्याकाळी त्यावर पडलेलं चाळून घ्या आणि वजन करा. आकडा बघून पुढचं सांगायची गरज उरत नाही, तरी सांगतो:

- फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. पक्षी वाढतील तसा फीडर वर घ्या. खाली ठेवला की त्या चोचीने उडवतात, पायाने उकरतात.
- फीडर काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश भरा, लागलं तर दोनदा भरा.
- रात्री उरलेलं खाद्य उचलून झाकणाच्या पिंपात ठेवा. नाहीतर तुम्ही कोंबड्यांबरोबर उंदीरही पाळताय.

चरायला सोडलंय, तर चरू द्या

आमचं नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर. आजूबाजूला ऊस, बांधावर बहुतेक वर्षभर हिरवं गवत. किडे, वाळवी, कोवळा पाला, कोंबडीला काय कमी? पण सकाळी सातला शेडमध्ये भरलेला फीडर टांगला, तर ती बांधावर कशाला जाईल? दिवसभर शेडच्या सावलीतच बसते आणि आपण मात्र "मुक्त संचार" म्हणून सांगत फिरतो.

माझी आई कोंबड्या सकाळी सोडायची ती थोडंसं टाकून. खरा दाणा दिवेलागणीला, डालग्याजवळ. पोटासाठी कोंबड्या दिवसभर फिरायच्या आणि दाण्यासाठी वेळेवर घरी यायच्या. मी तेच सांगतो: मोठ्या पक्ष्यांना रोजच्या खाद्याचा एक वाटा सकाळी, दोन वाटे संध्याकाळी. मात्र शेजारच्या रानात औषध फवारलं असेल, तर त्या दिवसांत सोडू नका.

इथे काही जण उलटी चूक करतात. चरतात म्हणून खाद्यच बंद! खाद्य वाचवणं वेगळं, उपाशी ठेवणं वेगळं. बंदिस्त अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. रानातून त्यातलं काही निघतं, सगळं नाही. हात फार आखडला की आधी अंडी कमी होतात. लहान पिल्लांचं तर अजिबात तोडू नका.

"ॲझोला घाला, खाद्य निम्मं करा" हेही मला पटत नाही. ॲझोला चांगलाच आहे, त्यात प्रथिनं आहेत. पण ओल्या ॲझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. किलोभर टाकला तर कोरडं खाणं शंभर ग्रॅमही भरत नाही. ती कोशिंबीर आहे, भाकरी नाही.

पावसाळ्यात नदीकाठच्या गावांनी आणखी जपावं. पोती भिंतीपासून लांब, लाकडी फळ्यांवर रचा. पंधरा दिवसांपुरतंच खाद्य घ्या, अगदी माझ्याकडूनसुद्धा. बुरशी आलेला मका "कोंबड्यांना चालतो" म्हणून घालू नका. बुरशीचं विष पक्ष्याचं यकृत खराब करतं.

सगळ्यात मोठी नासाडी

सांडलेलं निदान डोळ्यांना दिसतं. विकायला तयार झालेला कोंबडा रोज खातो, ते दिसत नाही.

हे मी माझ्याच पैशाने शिकलो. आखाडात माझे चाळीस कोंबडे तयार होते. व्यापाऱ्याने नगावर भाव सांगितला, मला कमी वाटला, थांबलो. श्रावण लागला आणि गिऱ्हाईक गायब. चाळीस कोंबडे रोज चार किलो, महिन्यात १२० किलो खाद्य, म्हणजे ४,८०० रुपये. नंतर नगामागे ५० रुपये जास्त मिळाले खरे, पण प्रत्येकाने खाल्लं होतं १२० रुपयांचं.

म्हणून पिल्लं घेतानाच पंचांग बघा. सुधारित गावरान नर तीन-साडेतीन महिन्यांत विक्रीला येत असेल, तर फाल्गुनाच्या आसपास घेतलेली पिल्लं आखाडात जातात. उशीर झाला की श्रावण, गणपती, नवरात्र हे सगळं तुमच्या पोत्यातून निघतं.

२०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण बाहेर आलं, आठवत असेल. ती फसवणूक होती, शेतकऱ्यांची चूक म्हणत नाही. पण एक गोष्ट तिथे सगळ्यांनी पाहिली. खरेदी थांबली, तरी पक्ष्यांचं खाणं थांबत नाही. विक्री कुठे आणि कधी, हे माहीत नसताना वाढवलेला प्रत्येक पक्षी हे चालू मीटर आहे.

तेव्हा नवीन शेडचं कोटेशन सध्या बाजूला ठेवा. एक तराजू आणि एक वही घ्या. महिनाभर रोज तीनच आकडे लिहा: टाकलेलं खाद्य, सांडलेलं खाद्य, मिळालेली अंडी. महिन्यानंतरही पाचशे कराव्या वाटल्या, तर वही घेऊन या. आपण बसून हिशोब करू. वही नसेल, तर मी फक्त पोतं विकेन. सल्ला देणार नाही.