विश्लेषण: पावसाळी जॅकेटमधली ‘कायमची रसायनं’ बनतात कशी? युरोपच्या नव्या बंदीमागची रासायनिक गोष्ट

पाणी पडलं की मोत्यासारखं घरंगळून जाणारं जॅकेट, तेल न शोषणारा पिझ्झाचा कागदी खोका आणि डाग न पडणारा गालिचा. या तिन्हींवरच्या लेपामागे बऱ्याचदा एकच रासायनिक अभिक्रिया असते. तिच्यातून बनणाऱ्या रसायनांच्या एका मोठ्या गटावर युरोपीय महासंघाने बंधनं आणली असून १० ऑक्टोबर २०२६ पासून ग्राहकांसाठीचे कपडे, खाद्यपदार्थांचं कागदी वेष्टन आणि सौंदर्यप्रसाधनं त्यांच्या कक्षेत येतील. ही अभिक्रिया काय आहे, ती वादात का सापडली आणि महाराष्ट्राचा या विषयाशी काय संबंध?

युरोपने नेमकं काय ठरवलं?

सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने ‘पीएफएचएक्सए’ हे आम्ल आणि ज्यांच्या विघटनातून ते तयार होऊ शकतं अशी रसायनं यांच्या वापरावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणणारा नियम मंजूर केला. ही रसायनं ‘पीफास’ या हजारो संयुगांच्या कुटुंबातली आहेत. निसर्गात ती जवळजवळ नष्ट होत नाहीत, म्हणून त्यांना ‘फॉरएव्हर केमिकल्स’ म्हणजे कायमची रसायनं म्हटलं जातं. फ्रान्सने आणखी पुढे जाऊन १ जानेवारी २०२६ पासून पीफास असलेले कपडे, सौंदर्यप्रसाधनं आणि स्कीला लावायचं मेण यांवर बंदी घातली. ‘थ्रीएम’ या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२२ मध्येच, २०२५ च्या अखेरपर्यंत पीफासचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली होती.

ही अभिक्रिया काय आहे?

कार्बनच्या साखळीला हायड्रोजनऐवजी फ्लोरिन जोडला आणि एका टोकाला आयोडीन ठेवला की तयार होतो फ्लोरिनयुक्त आयोडाइड. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. कार्बन-आयोडीन बंध मात्र त्याच्या निम्म्याइतकाही मजबूत नसतो. त्यामुळे उष्णता, प्रकाश किंवा पेरॉक्साइडसारखा आरंभक मिळाला की आयोडीन सुटतो आणि फ्लोरिनचा भाग जागच्या जागी राहतो. आयोडीन गेलेल्या तुकड्याला ‘फ्री रॅडिकल’ किंवा मुक्तमूलक म्हणतात. त्याच्याकडे जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असतो आणि तो जोडीदार शोधत असतो.

समोर ऑलेफिन आला, म्हणजे इथिलीनसारखा दुहेरी बंध असलेला रेणू, तर हे मूलक त्याला चिकटतं. त्यातून नवं मूलक तयार होतं. ते दुसऱ्या आयोडाइडमधला आयोडीन खेचून घेतं आणि स्वतः शांत होतं. आयोडीन गमावलेला रेणू आता मूलक होऊन पुढच्या ऑलेफिनकडे धावतो. हे खो-खोसारखं आहे. धावणारा गडी खो देऊन बसतो आणि बसलेला उठून धावू लागतो. दोन मूलकं एकमेकांनाच भेटली तर ती साखळी तिथेच संपते.

याचा शोध कसा लागला?

शिकागो विद्यापीठातल्या मॉरिस खराश यांनी पेरॉक्साइडमुळे अशा अभिक्रिया कशा बदलतात हे १९३० च्या दशकात दाखवलं. १९४५ मध्ये त्यांनी कार्बन टेट्राक्लोराइडसारखी संयुगं ऑलेफिनला मूलकांच्या साखळीतून जोडता येतात हे मांडलं. १९४९ मध्ये केंब्रिजमधले रॉबर्ट हॅझेलडीन यांनी फ्लोरिनयुक्त आयोडाइडची इथिलीन आणि टेट्राफ्लोरोइथिलीनशी होणारी अभिक्रिया प्रसिद्ध केली. पुढे उद्योगांनी तिची मोठी उत्पादनपद्धत बनवली.

ही पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी दोन कार्बनच्या आयोडाइडवर टेट्राफ्लोरोइथिलीनचे रेणू एकामागून एक चढवून साखळी लांब केली जाते. याला टेलोमरायझेशन म्हणतात. मग तिच्या टोकाला इथिलीनचा एक रेणू जोडतात. त्यामुळे फ्लोरिनच्या साखळीला दोन साध्या कार्बनची ‘मूठ’ मिळते. या मुठीला धरून आयोडीनच्या जागी अल्कोहोल आणि पुढे ॲक्रिलेट बनवता येतं, आणि ते कापडावर वा कागदावर बसवता येतं. आठ फ्लोरिनयुक्त कार्बन आणि दोन साधे असतील तर ‘८:२’, सहा असतील तर ‘६:२’ अशी या रसायनांची ओळख असते.

मग अडचण कुठे आली?

अडचण त्या मुठीतच आहे. मातीतले जिवाणू आणि हवेतल्या रासायनिक क्रिया साध्या कार्बनचा भाग कुरतडतात, पण फ्लोरिनच्या साखळीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. ‘८:२’ अल्कोहोलच्या विघटनातून ‘पीएफओए’ हे आम्ल तयार होतं. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांसह एका गटाने २००४ मध्ये दाखवलं, की ही अल्कोहोलं वाऱ्याबरोबर दूर जाऊन वातावरणातच आम्लात बदलू शकतात. कारखान्यांपासून हजारो किलोमीटर दूर, आर्क्टिकमधल्या प्राण्यांच्या शरीरात अशी आम्लं का सापडतात याचं एक उत्तर त्यातून मिळालं.

पीएफओए माणसाच्या रक्तातून निम्मं कमी व्हायला काही वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याआधीच, २०१९ मध्ये, स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला होता.

साखळी छोटी केली, प्रश्न सुटला का?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये आठ मोठ्या कंपन्यांबरोबर कार्यक्रम आखला. २०१५ पर्यंत पीएफओए आणि त्याला जन्म देणारी रसायनं बंद करणं हे त्याचं उद्दिष्ट होतं. उद्योगांनी अभिक्रिया मात्र तीच ठेवली. फक्त साखळी आठवरून सहावर आणली.

याचा थोडा फायदा झाला. सहा कार्बनचं आम्ल, म्हणजेच पीएफएचएक्सए, शरीरातून खूप लवकर बाहेर पडतं. पण निसर्गात तेही तितकंच टिकाऊ आहे. शिवाय छोट्या साखळीची रसायनं पाण्याबरोबर सहज वाहतात आणि सक्रिय कोळशाच्या गाळणीत कमी अडकतात. एक रसायन बंद करून त्याच्याच धाकट्या भावाला कामाला लावण्याच्या या पद्धतीवर तज्ज्ञ सातत्याने टीका करत आले आहेत. युरोपचा नवा नियम या धाकट्या भावासाठीच आहे. एकेका रसायनाचा पाठलाग करण्यापेक्षा सगळ्या कुटुंबावर निर्बंध घालावेत, असा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी २०२३ मध्ये मांडला, तोही याच अनुभवातून.

पर्याय आहेत का?

पाण्यासाठी आहेत. मेण, सिलिकॉन किंवा हायड्रोकार्बनवर आधारित लेप पाऊस अडवू शकतात. पण तेल अडवण्यात ते कमी पडतात. रोजच्या जॅकेटला तेल अडवण्याची गरज क्वचितच असते, अग्निशमन जवानाच्या पोशाखाला ती असते. म्हणूनच नियमांत ग्राहकोपयोगी वस्तू आणि संरक्षक साधनं यांच्यात फरक केलेला आहे.

मूळ अभिक्रियाही सरसकट वाईट नाही. अनेक आधुनिक औषधांमध्ये फ्लोरिन असतो. २०११ मध्ये कोरी स्टीफन्सन यांच्या गटाने साध्या दृश्य प्रकाशाने आणि उत्प्रेरकाच्या मदतीने अशी जोडणी करून दाखवली, तेव्हापासून प्रयोगशाळांत तिला नवी उभारी मिळाली आहे. फरक पडतो तो उत्पादनाचं प्रमाण आणि वापराची जागा यांनी. औषधाच्या रेणूतला फ्लोरिन आणि लाखो कपड्यांवरून धुऊन नाल्यात जाणारी लांब साखळी यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

महाराष्ट्राशी संबंध काय?

पीफास बनवण्याची दुसरी मोठी पद्धत आहे विजेच्या साहाय्याने फ्लोरिन बसवण्याची. तिच्यातून सरळ आणि फांद्या असलेल्या साखळ्यांचं मिश्रण मिळतं, तर टेलोमर पद्धतीत साखळ्या जवळपास सगळ्या सरळ असतात. या फरकावरून प्रदूषण कोणत्या पद्धतीतून आलं याचा मागही काढता येतो. इटलीच्या विचेन्झा प्रांतातल्या त्रिस्सिनो इथली मितेनी ही कंपनी विजेची पद्धत वापरत असे. तिथल्या प्रदूषणाची झळ सुमारे साडेतीन लाख लोकांच्या परिसराला बसली. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. हा निकाल पहिल्या पायरीवरचा आहे.

मितेनीची यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतलं आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत प्रकल्प उभारला. जुनी यंत्रं आली म्हणजे जुनं प्रदूषणही आलंच, असं सिद्ध होत नाही. तिथे कोणती रसायनं बनतात आणि सांडपाण्यात काय जातं, यावर ते ठरेल. पण हे तपासायचं कोणत्या मापाने? अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएसाठी लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात पीफाससाठी मर्यादाच दिलेली नाही.

युरोपला माल पाठवणाऱ्या भारतीय कापड उद्योगाला ऑक्टोबरपासून आपले लेप तपासून द्यावे लागतील, कारण तिथला खरेदीदार प्रमाणपत्र मागेल. लोट्याच्या आसपासच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्याला मात्र असं प्रमाणपत्र मागण्यासाठी आज कोणताही आकडा हाताशी नाही.