‘मोठी झाली की जाईल’

गेल्या हिवाळ्यात ग्लेन वेव्हर्लीतच एका मित्राकडे जेवायला गेले होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी जिना उतरताना एक पाय जपून टाकत होती. पोटरीवर निळसर, मऊ फुगवटा. “हेमँजिओमा आहे, जन्मापासूनचा. मोठी झाली की जाईल, असं ती बाळ असतानाच सांगितलंय,” तिची आई म्हणाली. सोलापूरच्या आजीचंही मत तेच, फक्त तिच्या मते मूळ कारण ग्रहण.

मी डॉक्टर नाही. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर संशोधन करते, त्यामुळे अशा वेळी गप्प बसणं जमत नाही. सहाव्या वर्षीही मुलीबरोबर वाढत असलेली गाठ ‘जाणारी’ नसावी, एवढं मी बोलले.

घोळ नावाचा आहे. 1982 साली बॉस्टनच्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी दाखवून दिलं, की एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जात होत्या. बाळांमधला खरा हेमँजिओमा जन्मानंतर काही आठवड्यांत उगवतो, काही महिने झपाट्याने वाढतो आणि मग हळूहळू ओसरतो. तो त्रासदायक असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं जुनं औषध छान लागू पडतं, हे 2008 मध्ये फ्रान्समध्ये कळलं. व्हीनस मालफॉर्मेशन म्हणजे मात्र शिरांची घडणच चुकलेली. दाबली की बसते, पाय लोंबकळत ठेवला की फुगते, वयात येताना जोर धरते. ती आपोआप जात नाही आणि प्रोप्रॅनोलॉलचा तिच्यावर उपयोग नाही. पण रिपोर्टांत तिला अजूनही सर्रास ‘कॅव्हर्नस हेमँजिओमा’ लिहिलं जातं. चाळीस वर्षं झाली तरी!

पहिल्या आजारात ‘थांबून बघू’ हा बहुतेक वेळा शहाणपणा असतो. दुसऱ्यात तेच वाक्य मुलाची वर्षं खातं. त्या पसरट शिरांमध्ये रक्त साचतं, गोठतं, दुखतं. मोठ्या गाठीत गोठण्याची ही प्रक्रिया सतत चालू राहते, म्हणून शस्त्रक्रियेआधी डी-डायमर आणि फायब्रिनोजेन तपासावं लागतं. नाहीतर टेबलावर रक्तस्राव आवरणं अवघड होतं.

म्हणूनच ‘दिवाळीत भारतात जाऊ तेव्हा काढून टाकू, गाठच तर आहे’ हा आपला लाडका बेत मला पटत नाही. तिथले सर्जन कमी आहेत म्हणून नव्हे. हा आजार तीन आठवड्यांच्या रजेत बसत नाही, म्हणून. दाबमोजे, सोनोग्राफीत बघत शिरेत औषध सोडून ती बंद करणं (स्क्लेरोथेरपी, तीही बहुधा अनेकदा), लागली तर शस्त्रक्रिया, आणि वर्षानुवर्षं लक्ष. आपल्याकडे रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळं व्हॅस्क्युलर अनॉमलीज क्लिनिक आहे. तिथलं रेफरल जीपीकडे स्पष्ट शब्दांत मागा. भिडस्तपणा इथे कामाचा नाही.

आता ग्रहणाबद्दल. 1996 मध्ये आनुवंशिक प्रकारात टाय-टू या जनुकातला बदल सापडला. 2009 मध्ये कळलं, की घराण्यात कुणालाच नसलेल्या अनेक रुग्णांतही हेच जनुक बिघडलेलं असतं, पण फक्त गाठीत. म्हणजे गर्भात कधीतरी एका पेशीत चूक झाली आणि तिच्याच लेकी-नाती तेवढ्या बाधित झाल्या. आईने काय चिरलं, काय खाल्लं याचा संबंध नाही. यातूनच एक व्यावहारिक गोष्ट निघते: रक्ताची जनुकीय तपासणी अनेकदा कोरी येते, गाठीचाच तुकडा तपासावा लागतो. शस्त्रक्रिया होणारच असेल तर तो तुकडा जनुकीय तपासणीला जाणार का, हे आधी विचारा.

बिघाड कळला की औषधाची दिशा कळते. सिरोलिमस हे मूत्रपिंड प्रत्यारोपणातलं औषध याच बिघडलेल्या साखळीला पुढे अडवतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 59 मुलांच्या फ्रेंच चाचणीत व्हीनस मालफॉर्मेशनचा आकार फारसा घटला नाही, पण दुखणं आणि रक्तस्राव कमी झाला. तोंड येणं, संसर्गाचा धोका, रक्तातली पातळी मोजत राहणं हेही पदरात येतंच. तरी सेंटीमीटर मोजणाऱ्यांनी मुलांना दुखतंय का, हेही विचारावं, असं मला वाटतं.

मित्राच्या मुलीचा एमआरआय झाला. व्हीनस मालफॉर्मेशनच. सध्या फक्त दाबमोजा आहे, आणि तो तिला अजिबात आवडत नाही. आजी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, “गेली का गं?” परवा नातीनेच उत्तर दिलं, “नाही आजी, ती राहणार आहे. पण मी जिना उतरते आता.”