‘सर्व्हर डाऊन हाय’

‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.’ उचगावात दाखल्यासाठी रांगेत थांबलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. शेजारी गांधीनगरच्या कापडपेठेत टॅली अडकली, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हजेरीचं मशीन डेटा पाठवेना, की तिथंही निदान हेच. ते करण्याआधी कुणी काही तपासलेलं असतं का?

फार तर पिंग मारलेला असतो. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम यंत्रापर्यंत वाट आहे का, एवढंच सांगतो. त्यावरची सेवा चालू आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय कित्येक फायरवॉल पिंग मुद्दाम अडवतात आणि ठणठणीत सर्व्हर मेल्याचं जाहीर होतं. सेवा असते पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर. सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, टॅली सहसा ९००० वर, बरीचशी हजेरी यंत्रं ४३७० वर. तिथंच विचारायला हवं. लिनक्सवर एनसी, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, नाहीतर आपला जुना टेलनेट (विंडोजमध्ये तो व्हिस्टापासून आधी चालू करून घ्यावा लागतो). पुढं यंत्राचा पत्ता आणि पोर्टचा आकडा. एका ओळीचं काम.

खरी मेख उत्तरात असते. जोडणी झाली, तर नेटवर्कवाल्याला फोन करू नका. घोळ सॉफ्टवेअरात किंवा पासवर्डात आहे. जोडणी झटक्यात नाकारली गेली, तर यंत्र बहुधा जिवंत आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. सेवा पुन्हा चालू करून बघा. काहीच न येता वेळ संपली, तर मधला फायरवॉल पॅकेट गिळतोय, यंत्रच बंद आहे किंवा वाट तुटली आहे. घरून दुकानाचा कॅमेरा दिसत नाही, ही तक्रार बऱ्याचदा यातलीच. इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. मग राऊटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरची हाक आत पोचतच नाही. तरी बदलला जातो तो राऊटर!

अर्थात हे सगळं आपल्या ताब्यातल्या यंत्रांपुरतं. दुसऱ्याच्या सर्व्हरचे पोर्ट चाचपत बसणं हा वेगळाच उद्योग झाला.

कोणता पत्ता, कोणता पोर्ट, किती वाजता, उत्तर काय: देखभालीच्या बिलावर सही करणाऱ्यांनी पुढच्या ‘डाऊन’ला एवढं लेखी मागून बघावं.