वडिलांचा स्टिरिओ, माझा लॅपटॉप आणि मधली डबी

वालूरला घरी वडिलांचा जुना स्टिरिओ आहे. कॅसेटचा भाग कधीच बंद पडलाय, पण ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आजही दणक्यात वाजतात. गाणी मात्र सगळी माझ्या लॅपटॉपमध्ये. दोघांना वायरशिवाय जोडायचं होतं. पहिला विचार आला तो वाय-फायवर चालणारा महागडा स्ट्रीमर घ्यायचा.

मग बातम्या आठवल्या. ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि जुन्या स्पीकरला लावायचे क्रोमकास्ट ऑडिओ अचानक चालेनासे झाले. यंत्रं धडधाकट होती, फक्त आतल्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती! गूगलने काही दिवसांत अपडेट दिला, म्हणून निभावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोसने सांगितलं, की ‘साउंडटच’ स्पीकरची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद होणार. ती गेल्यावरही त्या स्पीकरवर काय चालत राहणार? ब्लूटूथ आणि ऑक्स. म्हणजे जे कंपनीच्या सर्व्हरला विचारत नाही, ते.

म्हणून मी साधा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला. काडेपेटीएवढी डबी, मोबाइलच्या चार्जरवर चालते. तिच्यातून निघालेल्या वायरची लाल-पांढरी टोकं स्टिरिओच्या मागे ‘ऑक्स’मध्ये घातली. तुमच्याकडे ऑक्स नसेल तर ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ चालेल. ‘फोनो’मध्ये मात्र घालू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, आवाज फाटतो. लॅपटॉपच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये डबी जोडली, लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवला आणि कमी-जास्त स्टिरिओच्या बटणावरून केलं. झालं.

ऑडिओवाले नाकं मुरडतील, कारण ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतो. खरंय. पण आमच्या ओसरीत पंख्याच्या घरघरीत तो फरक मला तरी ऐकू आला नाही. उलट गाणी डाउनलोड केलेली असली की नेट गेलं तरी अडत नाही. उद्या डबी बिघडली तर डबीच बदलायची, स्टिरिओला धक्का नाही.

एक अडचण राहिली. पिक्चर लावला की कधीकधी ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. दाबलेला आवाज पुन्हा उलगडायला वेळ लागतो ना! पिक्चरसाठी मी मुकाट्याने वायर लावतो.