शेततळे भरले म्हणजे पाणी वाढले का? जालन्याच्या बागांसाठी पाण्याचा ताळेबंद

जालना जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साधारण साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र हा पाऊस सरासरीप्रमाणे पडत नाही. 2023 मध्ये राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन यांसारखे तालुके होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. एकाच शेतात एका वर्षी टँकर, तर दुसऱ्या वर्षी चर खोदून पाणी बाहेर काढण्याची वेळ येते. अशा ठिकाणी नवीन बाग लावताना कोणते फळ लावायचे, हा दुसरा प्रश्न ठरतो. शेतातले पाणी कोठून येते, कोठे मुरते आणि मे महिन्यात किती उरते, हा पहिला.

2012 ने दिलेला धडा

2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळल्या. दहा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची गावाची राज्यभर चर्चा झाली, कारण तेथील द्राक्षबागा तग धरून होत्या. या गावात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम सुरू झाले. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते उभे केले. माथ्यावर सलग समतल चर, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर बंधारे, असा कामाचा क्रम होता. शेततळी आणि द्राक्षे त्यानंतर वाढली.

कडवंची पाहून परतलेल्या अनेकांच्या लक्षात शेततळे राहिले, माथा राहिला नाही. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि अस्तरीकरण केलेल्या तळ्यांची संख्या झपाट्याने वाढली. यातील अनेक तळी पावसाच्या वाहत्या पाण्याने नव्हे, तर विहीर आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात.

हिशेब काय सांगतो?

- एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 650 मि.मी. पावसात एका एकरावर वर्षभरात सुमारे 26 लाख लिटर पाणी पडते.
- 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात (बाजूंचा उतार 1:1) सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. पडलेल्या पावसापैकी 15 ते 20 टक्के पाणी वाहून येते असे धरले, तर हे तळे भरायला 4 ते 6 एकरांचे वाहते पाणी लागते.
- उन्हाळ्यात रोज सरासरी 7 मि.मी. बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला सुमारे 6,300 लिटर पाणी उडते. पातळी उतरेल तसे हे प्रमाण घटते. तरीही फेब्रुवारी ते मे या काळात 5 ते 6 लाख लिटर पाणी जाते.

म्हणजे ज्याच्याकडे दोन एकर जमीन आहे, त्याचे तळे त्याच्या शेतातल्या वाहत्या पाण्याने भरत नाही. ते भूजलाने भरते. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवले जाते. त्यातला चौथा हिस्सा उडून जातो आणि शेजारच्या विहिरीची पातळी जानेवारीतच उतरते. शेततळे पाणी साठवते, तयार करत नाही. तळ्याच्या भरवशावर प्रत्येकाने बाग वाढवली, तर गावाचे पाणी तेवढेच राहते, मागणी मात्र वाढते.

किती झाडे लावावीत?

6 × 6 मीटरवर एका एकरात सुमारे 112 मोसंबीची झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला एप्रिल-मेमध्ये ठिबकने रोज साधारण 100 लिटर, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये 60 लिटर पाणी धरावे. या चार महिन्यांत एकरी सुमारे 11 लाख लिटर पाणी लागते. पाऊस 20 दिवस लांबला, तर आणखी सव्वादोन लाख. बाष्पीभवन वजा करता एका तळ्यावर एक ते सव्वा एकर मोसंबीच निर्धास्त निघते. प्रत्यक्षात त्याच तळ्यावर तीन-चार एकर बाग उभी केली जाते आणि ती चांगल्या वर्षाच्या विहिरीवर टिकते. झाडांची संख्या ठरवताना मागच्या दहा वर्षांतील सर्वांत वाईट मे महिना आठवावा.

बहराची निवडही पाण्यावर ठरवावी. आंबिया बहर धरला, तर फळवाढ भर उन्हाळ्यात येते. मृग बहराची फळे उन्हाळा तापण्याआधी निघतात. मात्र जूनचा पाऊस लांबल्यास ताण तोडण्यासाठी थोडे पाणी राखून ठेवावे लागते.

जमिनीप्रमाणे रचना आणि निवड

*माथा आणि मुरमाड उतार:* येथे पाणी अडवणे हेच मुख्य पीक. उताराला आडवे समतल चर घ्यावेत, बांधावर मारवेल गवत आणि गिरिपुष्प लावावे. सीताफळ, बोर, आवळा, चिंच ही झाडे येथे चालतात. सीताफळ आणि बोर उन्हाळ्यात पानगळ करून विश्रांती घेतात. पाणी नसते तेव्हा त्यांची मागणीही नसते.

*मध्यम जमीन:* मोसंबीसाठी हीच योग्य. चुनखडीचे प्रमाण जास्त असलेली जमीन टाळावी. माती परीक्षणाशिवाय खड्डे घेऊ नयेत. रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमे पाण्याचा ताण तुलनेने सहन करतात. खोडाभोवती सोयाबीनच्या भुसकटाचे आच्छादन करावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. उरलेल्या क्षेत्रात बदनापूर कृषी संशोधन केंद्राचा बीडीएन-711 हा लवकर येणारा तुरीचा वाण, तसेच ओलाव्यावर हरभरा किंवा रब्बी ज्वारी घ्यावी.

*खोलगट भारी काळी जमीन:* पाणी साचून मोसंबीला डिंक्या आणि मूळकूज लागते. येथे बाग टाळून रुंद सरी-वरंबा पद्धतीने हंगामी पिके घ्यावीत. सरीत कमी पावसात ओल टिकते, अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. शेताच्या खालच्या कडेला निचरा चर ठेवावा.

गावाने करायचे काम

एकट्या शेतकऱ्याचा हिशेब शेजाऱ्याच्या बोअरपाशी संपतो. त्यामुळे सहायक कृषी अधिकाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा: पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, उभ्या बागा किती, नवीन लागवड किती झेपेल. पोकरा प्रकल्पाच्या गावांत ही पद्धत परिचित आहे. ताळेबंद तूट दाखवत असेल, तर विहिरीवरून तळी भरण्यावर आणि नव्या बागांवर गावाने स्वतःच मर्यादा घालावी. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते टिकवायचे तर पुढच्या दुष्काळात जगतील तेवढीच झाडे लावावीत.