गेलर्टची कबर

बालमित्रांनो, पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. आई पाण्याला जाते, घरात साप शिरतो, मुंगूस त्याला मारून बाळाला वाचवतं. पण त्याचं रक्ताळलेलं तोंड बघून आईला वाटतं, यानंच बाळाला खाल्लं! ती भरलेली घागर त्याच्यावर आपटते. आत बघते तर बाळ सुखरूप!

आता चला ब्रिटनमधल्या वेल्समध्ये. तिथं स्नोडन पर्वताच्या परिसरात बेदगेलर्ट नावाचं खेडं आहे. १८०० च्या सुमारास तिथं एक नवं हॉटेल निघालं. नाव ‘गोट’, म्हणजे बकरी! पहिले चालक होते दक्षिण वेल्सहून आलेले डेव्हिड प्रिचर्ड. तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू असल्यानं इंग्रज प्रवासी युरोपऐवजी वेल्सचे डोंगर बघायला येत. पण त्यांनी मुक्काम करायचा, तर गावात काहीतरी बघण्यासारखं नको का?

वेल्श भाषेत ‘बेद’ म्हणजे कबर. बेदगेलर्ट म्हणजे गेलर्टची कबर. हा गेलर्ट बहुधा कुणी जुना संत असावा. पण प्रिचर्ड सांगू लागले, गेलर्ट हा तेराव्या शतकातल्या लेवेलिन राजाचा कुत्रा! राजा शिकारीहून परतला, तर पाळणा उलटलेला आणि कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. त्यानं तलवार खुपसली. तेवढ्यात बाळ रडलं. पाळण्याखाली बाळ धडधाकट आणि शेजारी मेलेला लांडगा!

ओळखलीत ना गोष्ट? मुंगसाचा कुत्रा झाला अन् सापाचा लांडगा! पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात गेलं, आठव्या शतकात अरबीत उतरलं आणि पुढे युरोपभर पसरलं.

प्रिचर्डनी गावकऱ्यांना हाताशी धरून कुरणात दगड उभे केले. झाली कबर तयार! लोक येत, डोळे पुसत आणि मुक्कामाला हॉटेलात जात. ही सगळी हकिकत डी. ई. जेंकिन्स यांनी १८९९ साली गावावरच्या पुस्तकात लिहिली. तरीही लोक येतच राहिले. हॉटेलही ‘रॉयल गोट’ झालं.

गंमत बघा, पंचतंत्राच्या ज्या भागात मुंगसाची गोष्ट आहे, त्याचं नाव ‘अपरीक्षितकारक’. म्हणजे खात्री न करता वागणं. राजानं पाळण्याखाली पाहिलं नाही. आणि प्रवाशांनी? दगडाखाली कोण आहे, हे त्यांनीही विचारलं नाही!

मग त्यांचे अश्रू खोटे होते का? मला नाही तसं वाटत. तुम्हाला काय वाटतं? आईबाबांशी बोलून बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!